नॉर्वे होल्डवर

२ जानेवारी २०२५, गुरुवार

ठरलं. जूनमध्ये उत्तर युरोप, मोटरसायकलवर. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, आणि नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि पुढे नुसता समुद्र असतो. माणसं तीन, गाड्या दोन. एका गाडीवर मी, मागे कस्तुरा. दुसऱ्या गाडीवर कस्तुराचा धाकटा भाऊ धम्मरत्न. गाड्या तिकडेच भाड्याने घ्यायच्या.

कारण कॅलेंडर. गेल्या वर्षी कंपनीत ऑडिटला तिकडचा एक उंच साहेब आला होता, त्याने जाताना मला कॅलेंडर दिलं. कस्तुराने ते स्वयंपाकघरात लावलं. काल पानं उलटताना ती जूनवर थांबली. समुद्राच्या कडेने गेलेला रस्ता, एक मोटरसायकल, मागे बसलेली बाई. कस्तुरा म्हणाली, इथे न्या मला.

पंचवीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मिक्सर मागितला होता, पण तो गरजेचा होता.

मी म्हणालो, नेतो. विलास सोनकांबळेने एकदा ओके म्हटलं की ओके.

आजपासून रोज डायरी. फक्त टेक्निकल रेकॉर्डसाठी. कोणी वाचायची नाही.

३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ६.२०, कंपनीची बस

चौथी रांग, खिडकी. एकोणीस वर्षं ही जागा माझी. नवीन पोरं चुकून बसली तर जुनी माणसं उठवतात, मला बोलावं लागत नाही. शेजारी ज्योतीराम, पेंटशॉपवाला, मूळचा बार्शीचा. फक्त त्याला सांगितलं. बस निगडीत पोचेपर्यंत ड्रायव्हरलाही कळलं होतं.

ज्योतीराम म्हणाला, राव, तुम्ही शेवटची मोटरसायकल कधी चालवली? मी म्हणालो, हाताला लागलेलं काम गंजत नाही. तो म्हणाला, हात नाही गंजत, गाडी गंजते ना राव.

माणसाची झेप त्याच्या पगाराच्या ग्रेडवरून कळते. (त्याची ग्रेड माझीच आहे, पण मुद्दा वेगळा.)

४ जानेवारी, शनिवार

हा प्रवास फसणार असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी माझी पात्रता नोंदवून ठेवतो.

चाकणला साइड स्टँडच्या कंपनीत चोवीस वर्षं, त्यातली सोळा फायनल इन्स्पेक्शनला. मोटरसायकल ज्या एका पायावर उभी राहते तो पाय मी पास करतो. पास झाला की वरच्या बाजूला छोटा पंच मारायचा. प्रत्येकाचा नंबर वेगळा. माझा १४. हा नंबर मी मागून घेतला. का, ते आमच्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

१४ नंबरचा एकही पीस आजवर परत आलेला नाही. कारण एकच. शंका आली की होल्ड. पिवळा टॅग लावायचा आणि बाजूला. माप बरोबर असलं तरी पंच तिरका पडला असेल तर मी होल्ड करतो. बाकीचे हसतात. हसू दे.

आमचा माल कंटेनरमधून बाहेर जातो. कुठे, ते विचारलं तर साहेब म्हणतात, एक्सपोर्ट. चोवीस वर्षांत यापलीकडे काही कळलं नाही.

तर प्रवासाची तयारी याच पद्धतीने होणार. एकेक वस्तू तपासून. उगाच बॅग भरली आणि निघालो, असं करणारे लोक परत येतात तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत.

९ जानेवारी, गुरुवार (आठवड्याची सुट्टी)

पार्किंगमधून गाडी बाहेर काढली. अकरा वर्षांनी. कव्हरखाली मांजराची तीन पिल्लं. त्यांची बदली लिफ्टच्या खोलीत केली.

ही साधी गाडी नव्हे. २००० साली लग्न झाल्यावर उदगीरहून कस्तुराला याच गाडीवर चिंचवडला आणलं. जवळजवळ चारशे किलोमीटर, मागे तिच्या मांडीवर स्टोव्ह आणि भांड्यांची पिशवी. भिगवणच्या आसपास ती कानाजवळ येऊन म्हणाली, आलं का एवढ्यात? मला वाटलं कंटाळली. ती म्हणाली, नाही, आलं तर पुढे न्या. तेव्हा पुढे नेता आलं नाही. सोमवारपासून ड्यूटी होती.

बॅटरी डेड. धम्मरत्न कुरुळीहून आला, वीस मिनिटांत गाडी चालू केली. मी पद्धतशीर केलं असतं, वेळ लागला असता, पण पद्धतशीर. तो म्हणाला, दाजी, बसा, मारा एक चक्कर. मी आधी चेनचा ढिलेपणा मोजला. मॅन्युअलमध्ये पंचवीस ते तीस मिलिमीटर, निघाला चौतीस. हँडलला पिवळा टॅग लावला. धम्मरत्न टॅगकडे बघत राहिला.

१६ जानेवारी, गुरुवार

धम्मरत्नने चेन ताणून दिली. एकोणतीस. मग टायर बघितले. मागच्या टायरवर बारीक चीर. टॅग तसाच ठेवला.

कस्तुरा म्हणाली, अहो, तिकडे तर वेगळी गाडी घ्यायची आहे ना, ही नुसती सरावाला आहे. बाईमाणसाला प्रोसेस कळत नाही असं मी म्हणणार नाही. ती सिस्टर आहे, दवाखान्यात चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळते. पण प्रोसेस आणि पेशंट यात फरक आहे. पेशंट होल्डवर ठेवता येत नाही.

२६ जानेवारी, रविवार

थंडीची चाचणी. बेडरूमचा एसी सोळावर, पंखा पाचवर, हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, पायात गमबूट. उशीवर बसून पाऊण तास. हाताखाली लाटणं, हँडल म्हणून.

निष्कर्ष: शरीर उत्तम. फक्त हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते.

तिसाव्या मिनिटाला कस्तुरा वॉर्डातल्या दोन सिस्टरना घर दाखवायला आत घेऊन आली. त्यांनी दार परत लावून घेतलं. मी सरळ समोर बघत राहिलो. रस्त्यावर नजर हलवायची नसते.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११

तिकडे उजव्या बाजूने चालवतात. त्यामुळे सोसायटीच्या आत उजव्या बाजूचा सराव. टॅग तात्पुरता काढून खिशात ठेवला.

गेटपासून क्लबहाउसपर्यंत उजवीकडून उत्कृष्ट. परत येताना समोरून पाण्याचा टँकर. तो त्याच्या बाजूने, मी नॉर्वेच्या बाजूने. तत्त्वतः दोघेही बरोबर. मी गाडी हळुवारपणे आडवी ठेवली. मीही तिच्याबरोबर आडवा झालो, तो भाग नियंत्रणात होता.

टँकरवाला खाली उतरला, मला उचललं, म्हणाला, काका, सोसायटी सोडायचीय का जग सोडायचंय? वॉचमनने खुर्ची आणली. वरून सहाव्या मजल्यावरून कोणीतरी टाळी वाजवली.

टॅग परत लावला. ब्रेक तपासावे लागणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गुडघ्याला खरचटलंय. कॉस्मेटिक डिफेक्ट, फंक्शनल नाही. बसमध्ये चढताना ज्योतीरामने हात दिला. मी घेतला नाही. दुसऱ्या पायरीवर घेतला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कस्तुराला मागे बसायची सवय व्हायला हवी, म्हणून धम्मरत्न तिला त्याच्या गाडीवर पवना धरणापर्यंत घेऊन गेला. मी परवानगी दिली. हेल्मेटचा पट्टा स्वतः तपासला. दोन बोटं जातील एवढी जागा हवी, दीड जात होती. पण ते तोवर निघाले होते.

परत आली तेव्हा चेहरा लाल, केस उडालेले, आणि कारण नसताना हसत होती. उदगीरहून आलो त्या दिवशी अशी दिसत होती. म्हणाली, तुम्ही चालवत असता तर अजून मजा आली असती. मी म्हणालो, ब्रेक व्हायचेत अजून.

धम्मरत्न म्हणाला, ब्रेक ठीक आहेत दाजी, मी बघितले. पण तो मेन्टेनन्सचा माणूस आहे. मेन्टेनन्सवाल्यांना सगळं ठीकच दिसतं.

६ मार्च, गुरुवार

आज सबंध दिवस धोक्यांची यादी. एकशे बारा मुद्दे झाले. मुद्दा ३७: रस्त्यावर रेनडिअर. मुद्दा ३८: रेनडिअर एकटं येत नाही, कळपाने येतं. मुद्दा ६१: जूनमध्ये तिकडे सूर्य मावळत नाही. म्हणजे थर्ड शिफ्टच नाही. मग माणसाने झोपायचं कधी, याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही.

यादी धम्मरत्नला पाठवली. त्याने अंगठा पाठवला. एकशे बारा मुद्द्यांना एक अंगठा.

तिकिटं, गाड्यांचं बुकिंग कस्तुराने केलं. मी तपासणार होतो, तिने आधीच पैसे भरले.

२४ मार्च, सोमवार

सोसायटीचे चेअरमन साहेबराव घरी आले. त्यांच्याच शेतावर आमची बिल्डिंग उभी आहे, त्यामुळे ते बेल वाजवत नाहीत. म्हणाले, सोनकांबळे, आमच्या पुनावळ्यातनं आजवर एवढ्या लांब फटफटीवर कोण गेलं न्हाई. व्हय का न्हाई? मी म्हणालो, तसं असावं. ते म्हणाले, मग फ्लेक्स लागला पायजे.

मी नको म्हणालो. एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणणं उद्धट वाटलं असतं.

२७ मार्च, गुरुवार

फ्लेक्स लागला. चौकात, वीस बाय दहा. मजकूर: पुनावळ्याची शान विलासभाऊ सोनकांबळे यांना उत्तर ध्रुव मोटरसायकल मोहिमेसाठी हार्दिक शुभेच्छा. डोकं माझ्या कंपनीच्या आयकार्डावरचं. धड कोणाचं तरी, चामड्याच्या जॅकेटमधलं. मान जिथे जोडली आहे तिथे अर्धा इंचाचा फरक. खाली साहेबराव, माझ्यापेक्षा मोठे, आणि सात कार्यकर्ते.

साहेबरावांना फोन करून सांगितलं, उत्तर ध्रुव नाही, उत्तर युरोप. ते म्हणाले, उत्तर हाय ना? मग झालं.

कस्तुरा चौकात जाऊन फ्लेक्सचा फोटो काढून आली. उदगीरला सगळ्यांना पाठवला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पिंपरी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कस्तुरा पांढऱ्या साडीत. ओळखीचा प्रत्येक माणूस जय भीम झालं की पुढे एकच विचारत होता. कधी निघताय. मी निदान चाळीस जणांना सांगितलं, एक जून. पुतळ्यासमोर उभं राहून सांगितलं. आता माघार नाही. तसा विचार कधी नव्हताच.

गाडीवर अजून टॅग आहे, पण तो फॉर्मॅलिटी म्हणून.

२२ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४

आज व्हिसाची अपॉइंटमेंट होती. जे घडलं ते वस्तुनिष्ठपणे लिहितो.

सव्वाअकराचा स्लॉट. आम्ही तिघे साडेदहाला सेंटरबाहेर. कागद सगळे पूर्ण. मी बॅगेतून डिजिटल व्हर्निअर काढला आणि फोटो मोजले. नियमात पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर. माझ्या फोटोची रुंदी ३४.६२.

पुन्हा मोजला. ३४.६२. टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, कुठेही दिलेला नाही. ड्रॉइंगवर टॉलरन्स दिलेला नसेल तर आपल्या मनाने धरायचा नसतो, हे मी सोळा वर्षं नवीन पोरांना शिकवतोय. कस्तुराचा फोटो ३४.६०. धम्मरत्नचा ३४.५८. एकच स्टुडिओ, एकच मशीन. म्हणजे अख्खा लॉटच बाद. मी तिघांचे फोटो माझ्याकडे घेतले आणि म्हणालो, होल्ड. रस्त्यापलीकडे फोटोवाला दिसत होता.

धम्मरत्न म्हणाला, दाजी, आत सगळ्यांचे असेच असत्यात, मोजत बसलात तर दार बंद होतंय. मी म्हणालो, चुकीचा माल माझ्या हातून पुढे जाणार नाही. कस्तुराने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातून तिचा आणि भावाचा फोटो काढून घेतला. माझाही घेत होती. मी सोडला नाही.

ते दोघे आत गेले. मी फोटोवाल्याकडे. तिथे लाइट गेलेली. लाइट आली, फोटो निघाला, मोजला, ३५.३. त्याला पुन्हा कापायला लावला. ३५.०१ झाला तेव्हा पावणेबारा. गेटवरची मुलगी म्हणाली, सर, तुमचा स्लॉट गेला. मी तिला व्हर्निअर दाखवला. तिने सिक्युरिटीला बोलावलं.

तत्त्वाचा विजय झाला हे नोंदवून ठेवतो.

२३ एप्रिल, बुधवार

पुढचा स्लॉट तीन जुलैचा. सिस्टीमचा दोष.

कस्तुरा म्हणाली, सगळंच रद्द करू. मी म्हणालो, मुळीच नाही. मग ती बराच वेळ भाजी निवडत बसली. म्हणाली, तुम्हाला यायचं नव्हतं तर सांगायचं होतं, मी काय बोलले असते. मी म्हणालो, फोटो मापात नव्हता. ती म्हणाली, पडल्यापासून तुम्ही गाडीवर बसला नाहीत. टँकरची गोष्ट मला वॉचमनने सांगितली. भीती वाटते एवढं म्हणाला असता तर मी कॅलेंडर उतरवून ठेवलं असतं.

भीतीचा काय संबंध. मला राग आला. अजूनही आहे. भीती वाटणारा माणूस एकशे बारा मुद्दे काढत बसत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

मार्ग सापडला. नवीन पार्ट आला की आधी पायलट लॉट जातो. थोडेच पीस. त्यांचा रिपोर्ट आला की मग मेन लॉट. तर कस्तुरा आणि धम्मरत्न हे पायलट लॉट. एका गाडीवर दोघे, दुसऱ्या गाडीचं बुकिंग रद्द. मेन लॉट म्हणजे मी, नंतर.

कस्तुराला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं.

१२ मे, सोमवार

पायलट लॉटचे व्हिसा आले. ३४.६० चालला म्हणे. यावरून तिकडच्या इनकमिंग इन्स्पेक्शनचा दर्जा कळतो. त्या उंच साहेबाला ईमेल करायला हवा.

२८ मे, बुधवार

उद्यापासून माझी तीस दिवसांची रजा, फेब्रुवारीतच मंजूर झालेली. मी बसमध्ये आज सांगणारच होतो की थोडा बदल झालाय. सकाळी चढलो तर बस फुग्यांनी सजवलेली. शाल, नारळ, हार. सगळ्यांनी मिळून आणलेलं. ड्रायव्हरने मोशीला बस बाजूला घेतली. ज्योतीराम उभा राहिला आणि भाषण करायला लागला. म्हणाला, आपण हे स्टँड बनवतो आणि बसनेच घरी जातो, राव. आपल्यातला एक माणूस निघालाय, आपल्या सगळ्यांच्या वतीने निघालाय.

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शाल अंगावर आली. शालीत माणूस बोलू शकत नाही. दोन शब्द म्हणालो. आभारी आहे.

१ जून, रविवार. दुपारी

सकाळी दोघे मुंबई विमानतळाकडे निघाले. टॅक्सी फ्लेक्सच्या खालीच उभी राहिली. मी फ्लेक्सच्या मागे उभा राहिलो, ऊन होतं म्हणून. शाल-नारळ मिळालेल्या माणसाने आज गावात दिसणं योग्य नव्हतं.

कस्तुराने माझं रायडिंग जॅकेट घातलं होतं. खांदे दोन इंच बाहेर. मापात नाही. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, फ्रिजमध्ये वरण आहे. मग काच वर केली, परत खाली केली, आणि पुन्हा वर केली.

माझं नियोजन तयार होतं. धम्मरत्नची कुरुळीतली खोली महिनाभर रिकामी. कोणीतरी बघायला हवी. तुळशीची कुंडी आहे. हेल्मेट घालून रिक्षाने आलो. भौगोलिक दृष्ट्या कुरुळी पुनावळ्याच्या उत्तरेला येते. म्हणजे उत्तरेचा प्रवास आज सुरू झाला, एक तारखेलाच. शब्द पाळला.

३ जून, मंगळवार. सकाळी ७

खोलीच्या गॅलरीतून हायवे दिसतो. सहा पन्नासला आपली बस गेली. चौथी रांग, खिडकी रिकामी. माझ्या जागेवर ज्योतीरामची बॅग. उद्धटपणा आहे. एकोणीस वर्षांची जागा आणि त्यावर डब्याची बॅग.

कस्तुराचा फोटो आला. कोपनहेगन. लाल मोटरसायकल, ती आणि धम्मरत्न. मी रिपोर्ट मागितला होता, मुद्देसूद. तिने लिहिलं, वारा खूप आहे, तुम्हाला आवडला असता.

६ जून, शुक्रवार

बसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक विचारायला लागले. कुठे पोचलात. कस्तुराचे फोटो पुढे पाठवले. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त फोटो. पेंटशॉपच्या एका पोराने विचारलं, विलासभाऊ एकातही दिसत नाहीत. मी लिहिलं, फोटो काढणारा फोटोत नसतो.

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या आणि तत्त्वतः बरोबर आहे.

१० जून, मंगळवार

दूध-भाजीला हेल्मेट घालूनच जातो. कुरुळीत आपल्या कंपनीची बरीच पोरं राहतात. कोपऱ्यावर दुर्गाबाईंचं दुकान. त्यांनी आज अर्धा लिटर दूध देताना विचारलं, बाबा, डोक्याला लागलंय व्हय? मी काचेच्या आतून म्हणालो, नाही, सुरक्षितता. त्या म्हणाल्या, चालत येतोस आन सुरक्षितता. पाण्याची बाटली फुकट दिली. घाम बघून दिली असावी.

कस्तुराचा फोटो: रस्ता अडवून रेनडिअरचा कळप. मुद्दा ३८. मी बरोबर होतो. तिने लिहिलं, अर्धा तास थांबलो, एक माझ्या हाताला चाटून गेलं.

१३ जून, शुक्रवार. सकाळी

घात. गॅलरीत चहा घेत होतो, हेल्मेट डोक्यावर, काच वर. बस नेमकी समोर ट्रॅफिकमध्ये अडकली. खिडकीतून ज्योतीराम. नजरानजर झाली. मी काच खाली केली, पण उशीर झाला होता.

दहा मिनिटांनी त्याचा मेसेज. ग्रुपवर नाही, फक्त मला. राव, नॉर्वेत चहा बशीत पितात का.

मी उत्तर लिहून पाच वेळा खोडलं. शेवटी लिहिलं, कोणाला सांगू नको. त्याने लिहिलं, सांगणार नाही. तुमच्या जागेवर नवीन पोरं बसायला बघतात, म्हणून रोज बॅग ठेवतो. या लवकर.

बॅगेबद्दल तीन तारखेला जे लिहिलं ते मागे घेतो. आज चेन नाही मोजली, टायर नाही मोजले. गाडी इथे नाहीच म्हणा. दिवसभर गॅलरीत बसलो. भीती वाटत होती त्या टँकरच्या दिवसापासून. हे फक्त इथे लिहितोय, कारण डायरी कोणी वाचणार नाही.

१९ जून, गुरुवार. संध्याकाळी ६.३०

ते पोचले. टोकाला. जिथे रस्ता संपतो.

व्हिडिओ कॉल लागला नाही. तीन फोटो आले. पहिल्यात धम्मरत्न हात पसरून. दुसऱ्यात कस्तुरा माझ्या जॅकेटमध्ये, मागे समुद्र, ऊन. कॅलेंडरमधल्या बाईपेक्षा चांगली दिसते, हे नोंदवतो.

तिसऱ्यात नुसता मोटरसायकलचा साइड स्टँड. मला वाटलं चुकून निघाला. खाली तिने लिहिलं होतं, उतार होता म्हणून स्टँडखाली दगड ठेवायला वाकले, मोठा करून बघा.

मोठा करून बघितला. वेल्डिंग चांगलं. रंग जरा उडालेला. आणि वरच्या बाजूला पंच. १४.

अडीच हजार किलोमीटरच्या वर आला तो त्यांच्याबरोबर, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. तिने लिहिलंय, मी रस्ताभर म्हणत होते तुम्ही आला नाहीत, आणि तुम्ही तर रोज गाडीखाली उभे होतात.

खूप वेळ तो फोटो बघितला. चष्मा लावून, मग काढून, मग पुसून परत लावून. पंच तिरका पडलाय. दोन डिग्री तरी. शिफ्ट संपत आली असेल, लक्षात आलं नसेल. आज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो होल्ड केला असता. पिवळा टॅग लावून बाजूला ठेवला असता. आणि मग तोही चाकणच्या पुढे गेला नसता.